दोन सेंटीमीटरने आकसलेली मुलगी

जुलैच्या नोंदीत तिची लांबी ७८.० सेंटीमीटर होती, ऑगस्टच्या नोंदीत ७६.०. एकवीस महिन्यांची मुलगी महिन्याभरात दोन सेंटीमीटरने कमी झाली होती, आणि त्या पानाखाली माझी सही होती.

मी मुख्यसेविका आहे. तुर्भ्याच्या बाजूला, ठाणे-बेलापूर रस्त्यावरून डोंगराकडे चढत गेलेल्या वस्त्यांमधल्या चोवीस अंगणवाड्या माझ्याकडे आहेत. दर महिन्याला शेकडो मुलांची वजन-उंची माझ्या नजरेखालून जाते. सही करताना नजर वजनाच्या रकान्यावर पडते आणि मग शेजारच्या श्रेणीवर. या मुलीची श्रेणी दोन्ही महिन्यांत एकच होती: मॅम, म्हणजे मध्यम तीव्र कुपोषित. वजन ८.० वरून ७.७ झालं होतं. पावसाळ्यात एवढं होतंच, असं मनाशी म्हणून मी पान उलटलं. लांबीचा आकडा दिसला तो आठवड्यानंतर, दुसऱ्याच एका मुलाची नोंद शोधताना.

मूल आजारी पडलं की वजन घटतं. जुलाब लागले तर दोन-तीन दिवसांत लक्षात येण्याइतकं घटतं. हाड मात्र मागे येत नाही. म्हणजे दोनपैकी एक आकडा तरी चुकलेला होता, आणि दोन्हीही चुकलेले असू शकत होते.

खरं सांगते, पहिला संशय मला त्या अंगणवाडीच्या ताईंचाच आला. सर्वेक्षणं, लसीकरणाचा दिवस, मोबाईलमध्ये माहिती भरणं, या सगळ्या ओझ्यात मूल न मोजताच आकडा टाकला असेल असं वाटलं. नोंदवही घेऊन बसले आणि मागचे चार महिने पाहिले: मे ७७.५, जून ७७.५, जुलै ७८.०, ऑगस्ट ७६.०. तेव्हा कळलं की माझा संशय चुकीचा आहे. घरी बसून आकडा भरणारं माणूस मागच्या महिन्याचं पान बघून भरतं आणि ७८.० चे ७८.५ करतं. खोटा आकडा कधी मागे जात नाही. ७६.० लिहिणाऱ्या बाईने मूल खरंच फळीवर झोपवलं होतं आणि जे दिसलं ते लिहिलं होतं. माझ्या चोवीसपैकी एका अंगणवाडीत प्रत्येक मूल दर महिन्याला बरोबर अर्धा सेंटीमीटर वाढतं. त्या नोंदवहीचं मी मासिक सभेत कौतुक केलं होतं, हे त्या क्षणी आठवलं आणि पोटात खड्डा पडला.

या मुलीच्या अंगणवाडीच्या ऑगस्टच्या पानावर एक्केचाळीस मुलांची लांबी किंवा उंची होती. शेवटचा अंक मोजत गेले. एकोणतीस आकडे शून्यावर किंवा पाचावर संपत होते. इन्फंटोमीटरवर, म्हणजे लहान मुलाला झोपवून लांबी मोजायच्या फळीवर, मिलिमीटरच्या खुणा असतात. नीट वाचलं तर दहापैकी दोनच आकडे असे यावेत, म्हणजे एक्केचाळीसात आठ-नऊ. ताई जवळच्या अर्ध्या सेंटीमीटरवर आणून लिहीत होत्या. ही सवय वाईटच, पण तिने आकडा फार तर पाव सेंटीमीटर सरकतो. दोन सेंटीमीटर त्यात बसत नाहीत.

म्हणून मंगळवारी मी शेजारच्या अंगणवाडीच्या ताईंना सोबत घेऊन तिथे गेले.

मुलीला आजी घेऊन आल्या. कुटुंब जालन्याकडचं. वडील नाक्यावर उभे राहतात. आई पहाटे चारला वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटला निवडायला जाते आणि दुपारी परत येते. तोवर मुलगी आजीकडे असते. बाहेर संततधार होती. मुलीच्या अंगात झबलं, त्यावर स्वेटर, ओलसर लंगोट, पायात वाळे.

मी ताईंना म्हटलं, "ताई, नेहमी घेता तसंच घ्या. मी फक्त बघते."

खोलीतली शहाबादी फरशी खालीवर आहे, म्हणून ताईंनी सतरंजी अंथरली आणि तिच्यावर फळी ठेवली. मुलीला झोपवलं. आजी खांद्यापाशी बसून छाती थोपटू लागल्या. डोक्याशी कुणी नव्हतं. ताईंनी एका हातात दोन्ही घोटे धरले आणि दुसऱ्या हाताने पायाकडची सरकती पट्टी आणली. मुलीने भोकाड पसरलं, हनुवटी छातीला लावली आणि गुडघे वर घेतले. घोटे ताईंच्या हातात घट्ट होते, पण गुडघ्यांखालून माझी चार बोटं सहज गेली असती. डोकं वरच्या पट्टीपासून बोटभर खाली सरकलं होतं. ताईंनी घाईने बाजूनेच आकडा वाचला: ७६.८.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण आम्हालाही ती कुणी नीट सांगितली नव्हती. गुडघे वाकले की लांबी कमी भरते. डोकं वरच्या पट्टीला टेकलं नाही तर मधली फट लांबीत धरली जाते आणि आकडा वाढतो. बोटं पुढे ताणून टोकांनी पट्टीला टेकली तरी वाढतो. एकाच मोजणीत या चुका उलटसुलट होतात आणि एकमेकींना झाकतात. जुलैचा ७८.० हा असाच झाकलेला आकडा असावा. ऑगस्टमध्ये झाकणारी चूक नव्हती, वाकलेले गुडघे तेवढे उरले.

मग आम्ही दोघींनी मोजलं. सतरंजी काढली आणि फळी फरशीच्या सपाट भागावर, भिंतीलगत ठेवली. शेजारच्या ताई डोक्यामागे गुडघे टेकून बसल्या. दोन्ही तळवे कानांवर ठेवून त्यांनी डोकं वरच्या पट्टीला लावून धरलं. मुलीची नजर सरळ छताकडे, म्हणजे डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाचं छिद्र यांना जोडणारी रेघ फळीला काटकोनात. मी डाव्या हाताचा तळवा तिच्या गुडघ्यांवर ठेवला आणि सावकाश दाबला.

"पाय ओढू नका ओ बाई, सांधा निघल लेकराचा," आजी म्हणाल्या.

ओढायचं नसतंच. तळव्याचा भार तेवढा द्यायचा. पाय एकदाचे सपाट झाले, टाचा पट्टीला पूर्ण टेकल्या, बोटं आभाळाकडे झाली, आणि मी डोळा खुणेच्या बरोबर वर आणून वाचलं: ७९.१. मुलीला उचललं, आजीकडे दिलं, पाणी पाजलं. दहा मिनिटांनी जागा बदलल्या, मी डोक्याशी आणि त्या पायाशी. माझा आकडा त्यांना न दाखवता त्यांनी वाचलं: ७९.४. जागतिक आरोग्य संघटनेची २००६ ची वाढीची मानकं ज्या सहा देशांतल्या मुलांच्या मापांवरून तयार झाली, त्यात आपल्या दिल्लीतलीही मुलं होती. त्या कामात दोन मोजणाऱ्यांच्या लांबीत ०.७ सेंटीमीटरपर्यंतचा फरक चालवून घेत, त्यापुढे गेला की दोघांनीही पुन्हा मोजायचं. आमचा फरक ०.३ होता. ७९.३ लिहिलं.

वजनाचं आधी सतरंजीवरच पाहिलं. कपड्यांसकट तीनदा ठेवलं तर ७.६, ७.८, ७.७. काटा फरशीवर आणला आणि मुलीला उघडं केलं. दोन वेळा ७.४ भरलं. उतरवलेला स्वेटर, झबलं, लंगोट आणि वाळे वेगळे ठेवले, ते २४० ग्रॅम होते. थंडीत आणि पावसात लेकरू उघडं करायला आजीच काय, आपलाही हात धजत नाही. म्हणून दार लावायचं, आधी गोधडी तयार ठेवायची, मगच कपडे काढायचे.

दंडघेर पट्टी डाव्या दंडाला लावली. खांद्याचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्ये खूण केली, मग हात सैल सोडून मोजलं. ११.३. पट्टीवर ११.५ च्या खाली लाल. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून पाहिला, खळगा पडला नाही. सूज नव्हती.

आता कागदावर काय होतं आणि खरं काय निघालं ते बघा. मानकांच्या तक्त्यात ७६ सेंटीमीटरच्या मुलीला अतितीव्र कुपोषित, म्हणजे सॅम, म्हणायची रेषा साधारण ७.२ किलोवर आहे. आमच्या कागदावरची मुलगी ७.७ ची, म्हणून मॅममध्ये बसली. ७९.५ ला तीच रेषा साधारण ७.७ वर जाते. खरी मुलगी ७.४ ची. नुसत्या लांबीच्या चुकीने रेषा अर्धा किलो खाली आणली होती आणि कपड्यांनी वजन पाव किलो वर नेलं होतं. या लांबीला सॅम आणि मॅम यांच्या रेषांमधलं अंतरच सहाशे-सातशे ग्रॅमचं. दोन्ही चुका एकाच बाजूला पडल्या आणि मुलगी पूर्ण एक श्रेणी वर चढली.

मला जास्त लागलं ते पुढचं. ७६.० लांबीची एकवीस महिन्यांची मुलगी वयाच्या मानाने खुजी ठरते. आमच्या कागदावर ती तशीच होती: बुटकी, पण अंगाने बरी. खरी मुलगी वयाच्या मानाने खुजी नाहीच. तिची उंची धडपणे वाढत होती आणि अंगावरचं मांस झडत होतं. खुजेपण महिनोन्‌महिने साचत आलेलं असतं, त्यावर आपण सावकाश काम करतो. रोडपण आत्ताचं असतं. रोड मुलाला साधा न्यूमोनिया किंवा जुलाब झाले तरी जिवावर बेततं. चुकलेल्या लांबीने तातडीचं मूल सावकाशीच्या रांगेत उभं केलं होतं.

मी नोकरीला लागले तेव्हा जव्हार-मोखाडा ठाणे जिल्ह्यातच होते. २०१४ ला पालघर वेगळा झाला. कुपोषण म्हटलं की आमच्या प्रशिक्षणात त्या पाड्यांचीच उदाहरणं असायची. एमआयडीसीच्या भिंतीला लागून, रेल्वे स्टेशनपासून चालत वीस मिनिटांवर असं मूल असेल, याची माझ्या डोळ्यांना सवयच नव्हती.

ताईंनी सगळं पाहिलं होतं. त्या म्हणाल्या, "मॅडम, मला दोनच हात आहेत."

या प्रकरणातलं माझं निदान हेच आहे. बाकीची कारणं याच्या मागून येतात. वजन घ्यायला एक माणूस पुरतं. लांबी घ्यायला दोन लागतात, एक डोक्याला आणि एक पायाला, आणि दोघांनाही आपलं काम ठाऊक असावं लागतं. आमच्या वेळापत्रकात वजन-उंची साडेदहाला आहे. त्याच वेळी मदतनीस बचत गटाकडून गरम आहार आणायला गेलेली असते. ताईंच्या हाताशी उरते मुलाची आई किंवा आजी, आणि तिचं सगळं लक्ष मूल रडू नये यात. ती छाती थोपटणारच. डोकं धरायचं आहे हे तिला कुणी सांगितलेलं नाही. आमचं प्रशिक्षण झालं तेव्हा बाहुली फळीवर झोपवून दाखवली होती. बाहुली गुडघे वर घेत नाही.

त्यात फळीही धड नव्हती. पायाकडची पट्टी खाचेत ढिली होती. हार्डवेअरच्या दुकानातून पीव्हीसीची नळी बरोबर ७५ सेंटीमीटर कापून आणली आणि फळीवर ठेवून पाहिली. पट्टी तिरकी झाली की ७४.६, सरळ धरली की ७५.०. नळीला फार तर पन्नास रुपये पडले. ती आता माझ्या पिशवीतच असते आणि प्रत्येक भेटीत आधी नळी मोजली जाते, मग मूल. वजनकाट्यासाठी एक लिटर पाण्याच्या सीलबंद बाटल्या वापरतो. एक ठेवून आकडा बघायचा, मग दुसरी ठेवायची. साधारण एक किलोने वाढला पाहिजे.

माझं निदान नुसतं माझं मत राहू नये म्हणून पुढच्या आठवड्यात पडताळून पाहिलं. दोन वर्षांखालची दहा मुलं घेतली. ताईंनी नेहमीसारखं एकटीने प्रत्येकाला दोनदा मोजलं, पहिला आकडा झाकून. दोन मोजण्यांतले फरक सेंटीमीटरमध्ये असे आले: १.२, ०.४, २.१, ०.३, ०.९, १.६, ०.२, ०.८, १.५, ०.५. प्रत्येक फरकाचा वर्ग करायचा, सगळे मिळवायचे, मुलांच्या संख्येच्या दुपटीने भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. उत्तर ०.८ आलं. पोषणाच्या सर्वेक्षणांत मोजणाऱ्याची ही चूक ०.४ च्या आत असली तर चांगली आणि ०.६ पर्यंत चालणारी मानतात. दोन दिवसांनी तीच दहा मुलं, तीच फळी पट्टी घट्ट करून, त्याच ताई पायाशी, आणि मदतनीस डोक्याशी. फरक: ०.३, ०.१, ०.६, ०.२, ०.४, ०.५, ०.१, ०.३, ०.८, ०.२. चूक ०.३ वर आली. एका मुलाचा फरक ०.८ होता, त्याला तिसऱ्यांदा मोजलं. ताई त्याच, हातही तेच. डोक्याशी एक माणूस वाढलं, एवढाच मोठा फरक.

मग त्या अंगणवाडीतली दोन वर्षांखालची सगळी चौदा मुलं नव्याने मोजली. या मुलीखेरीज आणखी एक सॅम निघालं. पण कागदावर सॅम असलेली दोन मुलं तशी नव्हती. त्यातला एक बावीस महिन्यांचा मुलगा अंगाने उंच दिसतो म्हणून त्याला स्टॅडिओमीटरला, म्हणजे उभ्याने उंची मोजायच्या पट्टीला, उभं करून मोजलं होतं, तेही पायातल्या चपला न काढता. दोन वर्षांखाली मूल झोपवूनच मोजायचं. काही कारणाने उभं मोजावं लागलं तर ०.७ सेंटीमीटर मिळवून लांबी धरायची. चपलांसाठी मात्र असं काही गणित नाही, त्या काढायच्याच. त्या मुलाच्या आईने महिनाभर लोकांची बोलणी ऐकली होती, "तुझं पोरगं कुपोषित" म्हणून. मी तिच्या घरी जाऊन सांगून आले.

म्हणजे चुका दोन्ही दिशांनी होत होत्या. कुणाला वाटेल, मग हिशेब जमतो, कमी-जास्त फिटतं. तसं होत नाही. बहुतेक मुलं मधल्या श्रेण्यांत असतात आणि टोकाला थोडी. मापं सैल झाली की मधल्या गर्दीतून काही मुलं उगाच टोकाला फेकली जातात आणि टोकाची खरी मुलं मध्ये हरवतात. एकूण आकडा वाढलेला दिसतो, आणि तरीही ज्याला गरज आहे ते मूल यादीत नसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानाने रोड आणि एकूण मुलांपैकी १०.९ टक्के अतितीव्र रोड नोंदली गेली. राज्याच्या पातळीवर हा आकडा धोरण ठरवायला उपयोगी आहे. माझ्या वस्तीत मला नाव आणि घर लागतं, आणि ते फक्त नीट धरलेल्या फळीवरून मिळतं.

वेळापत्रक बदललं. आता एका दिवशी सगळी मुलं मोजत नाही. आठवडाभर रोज आठ मुलं घेतो, मदतनीस परत आल्यावर, मुलांचं खाऊन झाल्यावर. दोन वर्षांखालच्यांसाठी शेजारच्या दोन अंगणवाड्यांची जोडी केली आहे. ताई एकमेकींकडे जातात आणि दोघी वेगवेगळं वाचून मगच लिहितात. जुन्या महिन्यांच्या आकड्यांना आम्ही हात लावला नाही. ऑगस्टच्या पानावर ७६.० तसंच आहे, त्याखाली फेरमोजणीची तारीख, ७९.३ आणि दोघींच्या सह्या. जिथे मुलं अर्ध्या-अर्ध्या सेंटीमीटरने वाढतात, त्या अंगणवाडीची जोडी मी स्वतःशीच लावली आहे.

मुलीला त्याच मंगळवारी दुपारी आरोग्य केंद्रात नेलं. आई मार्केटमधून थेट तिथेच आली, पदराला कांद्याची सालं तशीच. ताप नव्हता, छाती साफ होती. भूक-चाचणीत मुलीने दिलेलं सगळं संपवलं, म्हणून दाखल करावं लागलं नाही. डॉक्टरांनी प्रतिजैविकाचा कोर्स दिला. जादा आहार अंगणवाडीतून सुरू झाला, दिवसातून थोडं थोडं, आजीच्या हाताने. दर मंगळवारी वजन. पहिल्या आठवड्यात १० ग्रॅमही वाढलं नाही आणि ताई रडवेल्या झाल्या. आजीला विचारलं तेव्हा कळलं की पाकिटातला आहार मोठ्या भावालाही जात होता. "तो बघत बसतो ना बाई, त्याला कसं नाही म्हणू?" त्याचंही नाव आहाराच्या यादीत घेतलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मुलगी ८.१ किलो झाली, दंडघेर ११.९. नोव्हेंबरमध्ये लांबी ८१.०, वजन ८.५. अजून मॅममध्येच आहे.

नोव्हेंबरच्या मोजणीला मदतनीस रजेवर होती. मी बसायला पुढे झाले तर आजी आधीच डोक्यामागे गुडघे टेकून बसल्या होत्या, दोन्ही तळवे नातीच्या कानांवर. मुलगी वर बघत होती. आजी वाकून तिच्या तोंडावर तोंड आणून काहीतरी पुटपुटत होत्या. ताईंनी गुडघ्यांवर हात ठेवला तशा त्या मान वर न करता म्हणाल्या, "टेकलंय डोकं. घ्या आता."